सुरतेत बसून परदेशाचा कायदा कसा वाचायचा?

प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांच्या कानातल्यांची ऑर्डर न्यूयॉर्कहून सुरतेला आली आहे, असे समजा. माल तयार आहे, फक्त लेबल छापायचे राहिले आहे. त्यावर नुसते 'डायमंड' लिहिले तर चालेल, की 'लॅबग्रोन' हा शब्द जोडलाच पाहिजे? व्यापारी मोबाइलवर प्रश्न टाकतो आणि क्षणात उत्तरांचा ढीग समोर येतो. एक व्हिडिओ सांगतो, अमेरिकेने २०१८ मध्येच खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा एकच मानला. एका दुकानाची जाहिरात नेमके उलटे सांगते. दलाल म्हणतो, "सगळे असेच लिहितात, काही होत नाही."

ही सगळी माणसे कायद्याविषयी बोलत असतात, पण त्यांच्या बोलण्यात खुद्द कायदा कुठेच नसतो. तो कुठे ठेवलेला असतो, त्याच्यापर्यंत कसे जायचे आणि हाती आलेला मजकूर खरा व आजचा आहे हे कसे ओळखायचे, हे समजून घेणे सुरतेसारख्या शहरात चैनीची गोष्ट नाही. जगातले बहुसंख्य हिरे इथे पैलू पाडून घेतात आणि अँटवर्प, दुबई, हाँगकाँग, न्यूयॉर्कला जातात. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांतल्या कुणाचा मुलगा आखातात नोकरीला असतो, कुणाची मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली असते. परक्या देशाचा कायदा त्यांच्या घरात कधी ना कधी शिरतोच.

प्रसिद्ध झाला तरच कायदा

कायदा शोधता येतो, कारण तो प्रसिद्ध करावा लागतो. ही सरकारची मेहेरबानी नाही. १९२३ मध्ये जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने अफूविषयीचा एक कायदा ठरावाने संमत केला, पण तो कधीच प्रसिद्ध केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. ते त्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. लोकांना कळण्याची काहीच सोय नसलेल्या, कुठेच जाहीर न केलेल्या नियमाने माणसाला शिक्षा देणे नैसर्गिक न्यायात बसत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शिक्षा रद्द झाली.

पण एकदा कायदा रीतसर प्रसिद्ध झाला की 'मला ठाऊक नव्हते' हे कारण चालत नाही, आणि परदेशी माणसालाही चालत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये एक जर्मन प्रवासी ३४ किलो सोने अंगावर लपवून झुरिकहून मनिलाला निघाला होता. विमान वाटेत मुंबईला थांबले. तो खाली उतरलाही नाही, तरी कस्टमच्या अधिकाऱ्यांनी विमानात जाऊन त्याला पकडले. भारतातून पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत दाखवले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. विमान मुंबईत उतरले २८ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांनी. झुरिकमध्ये बसून भारताचे राजपत्र कोण वाचणार, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने फेटाळला. अधिसूचना भारतात योग्य रीतीने प्रसिद्ध झाली, तेवढे पुरेसे होते. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज' या नावाने हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो.

आज हीच गोष्ट उलट्या दिशेने सुरतेच्या व्यापाऱ्याला लागू होते. ब्रुसेल्सला किंवा वॉशिंग्टनला प्रसिद्ध झालेला नियम वाचला नाही, म्हणून तिथल्या कस्टममध्ये अडकलेला माल सुटत नाही. १९६२ आणि आज यांत फरक एवढाच की तेव्हा ते राजपत्र मिळवणे जवळजवळ अशक्य होते. आज ते खिशातल्या मोबाइलवर फुकट उघडते.

आधी विचारा, कायदा कोणाचा?

'अमेरिकेचा कायदा' असे आपण सहज म्हणतो, पण तशी एकच वस्तू नसते. भारतात जसे संसदेचे कायदे वेगळे आणि गुजरात विधानसभेचे वेगळे, तसेच अमेरिकेत संघराज्याचे आणि पन्नास राज्यांचे कायदे वेगवेगळे असतात. संयुक्त अरब अमिरातीत देशाचे संघीय कायदे, प्रत्येक अमिरातीचे आपापले नियम, शिवाय दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राचे स्वतंत्र कायदे आणि स्वतंत्र न्यायालये आहेत. बेल्जियममधल्या अँटवर्पला माल पाठवायचा तर बेल्जियमचे कायदे आणि त्यांच्या वर युरोपीय संघाचे नियम असे दोन्ही पाहावे लागतात.

दुसरा प्रश्न कायद्याच्या प्रकाराचा. विधिमंडळ अधिनियम करते. त्याखाली मंत्रालय किंवा नियामक संस्था नियम आणि अधिसूचना काढते. न्यायालय त्यांचा अर्थ लावते. व्यापाऱ्याला रोज लागणारा तपशील बहुधा मधल्या पायरीवर, म्हणजे नियमांत सापडतो. भारतात किंवा इंग्लंडमध्ये वरच्या न्यायालयाचा निकाल खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, म्हणून तिथे निकालपत्रे वाचल्याशिवाय कायदा पुरता कळत नाही. फ्रान्स किंवा बेल्जियमसारख्या देशांत संहितेचे कलम हाच पाया असतो.

आता लेबलाचा माग काढू. अमेरिकेचे संघीय नियम विषयवार पन्नास विभागांत लावलेले आहेत. त्या संग्रहाला 'कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स' म्हणतात आणि त्याची रोज अद्ययावत होणारी सरकारी आवृत्ती 'ई-सीएफआर' या नावाने ऑनलाइन आहे. दागिन्यांविषयीची फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वे त्यातल्या विभाग १६, भाग २३ मध्ये आहेत. ती उघडली की व्हिडिओतली गोष्ट कुठून आली ते दिसते. २०१८ च्या सुधारणेत हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द खरोखरच काढला गेला. पण पुढचा मजकूर व्हिडिओत आलेला नसतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला मागेपुढे काही न लावता नुसते 'डायमंड' म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूलच मानली आहे. 'डायमंड' या शब्दाच्या लगेच आधी 'लॅबोरेटरी-ग्रोन' किंवा 'लॅबोरेटरी-क्रिएटेड' यांसारखा खुलासा तितक्याच ठळक अक्षरांत असावा, असे तिथे सांगितले आहे.

इथे प्रकाराचा प्रश्न पुन्हा येतो. ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे अधिनियम नव्हे. त्यांच्यामागे उभे आहे १९१४ च्या फेडरल ट्रेड कमिशन अधिनियमाचे पाचवे कलम. त्या कलमाने व्यापारातल्या फसव्या वागणुकीला मनाई केली आहे आणि कोणती वागणूक फसवी ठरू शकते ते आयोग या तत्त्वांतून सांगतो. कारवाई झाली तर ती कलमाखाली होते. म्हणून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायचे असतात.

सातबारा आणि फेरफार

परदेशी कायदा वाचताना माणसे सर्वाधिक फसतात ती तारखेत. कायदा एकदा छापला आणि संपला, असे होत नाही. त्यात दुरुस्त्या होत राहतात.

शेताचा सातबारा आठवा. जमीन विकली, वाटणी झाली, वारसाचे नाव लागले की प्रत्येक वेळी फेरफाराची नोंद होते. सगळे फेरफार धरून आज जो उतारा निघतो तो आजचा सातबारा. दहा वर्षांपूर्वीचा उतारा खोटा नसतो, पण आजच्या व्यवहाराला तो उपयोगी पडत नाही. कायद्याचेही तसेच असते. मूळ अधिनियम, त्याच्यावर एकामागून एक दुरुस्ती अधिनियम आणि ते सगळे मिसळून तयार केलेला आजचा मजकूर. या शेवटच्या मजकुराला एकत्रीकृत आवृत्ती म्हणतात. शोधयंत्र मात्र मूळ, दुरुस्ती आणि एकत्रीकृत असे तिन्ही मजकूर एकाच रांगेत उभे करते. त्यांतला कोणता उघडायचा हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते.

सुरतेला याचा सर्वांत मोठा अनुभव रशियन हिऱ्यांच्या बंदीने दिला. रशियावरचे निर्बंध युरोपीय संघाने २०१४ च्या विनियम ८३३ मध्ये घातले होते. डिसेंबर २०२३ मध्ये २०२३/२८७८ क्रमांकाच्या दुरुस्तीने त्यात हिरे आले. रशियातून थेट येणाऱ्या हिऱ्यांवर १ जानेवारी २०२४ पासून बंदी आली. रशियन रफवर, म्हणजे कच्च्या हिऱ्यांवर, दुसऱ्या देशात पैलू पाडले असतील तर १ मार्च २०२४ पासून एक कॅरेट व त्याहून मोठ्या नगांवर, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अर्ध्या कॅरेटच्या नगांपर्यंत बंदी खाली आली. 'दुसऱ्या देशात' या शब्दांत सुरत आली, कारण रफचे पैलू इथेच पडतात. हिरा कोणत्या खाणीतून आला याचा पूर्ण माग दाखवण्याची सक्तीही १ सप्टेंबर २०२४ लाच सुरू व्हायची होती. जून २०२४ च्या दुरुस्तीने ती १ मार्च २०२५ पर्यंत लांबली आणि नंतर पुन्हा पुढे गेली. म्हणजे २०२३ चा मजकूर छापून टेबलावर ठेवणारा व्यापारी सहा महिन्यांत जुन्या तारखेवर चालू लागला होता.

यातून वाट काढायची सोय कायद्याच्या क्रमांकातच आहे. युरोपीय संघाच्या 'युर-लेक्स' या सरकारी संग्रहात प्रत्येक कागदाला एक ओळख क्रमांक असतो. २०१४ च्या विनियम ८३३ चा क्रमांक आहे ३२०१४आर०८३३. पहिला ३ हा आकडा सांगतो की हा कागद कायद्याचा आहे. २०१४ हे वर्ष, आर म्हणजे 'रेग्युलेशन' आणि शेवटी अनुक्रमांक. शोधताना तो इंग्रजी अंकाक्षरांत टाकायचा. याच कायद्याच्या एकत्रीकृत आवृत्तीचा क्रमांक मात्र ३ ऐवजी शून्याने सुरू होतो आणि त्याच्या शेवटी ती आवृत्ती कोणत्या तारखेची आहे ते जोडलेले असते. पहिला आकडा आणि शेवटची तारीख पाहिली की आपण मूळ दस्त वाचतो आहोत की आजचा उतारा, हे एका नजरेत कळते.

सातबाऱ्याशी साम्य आणखी एका बाबतीत आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तशी युर-लेक्सची एकत्रीकृत आवृत्तीही वाचकाच्या सोयीसाठी असते. कायदेशीर बळ असते ते अधिकृत राजपत्रात छापलेल्या मूळ विनियमाला आणि दुरुस्तीला. १ जुलै २०१३ पासून त्या राजपत्राची इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच अस्सल मानली जाते. म्हणून समजून घेण्यासाठी एकत्रीकृत मजकूर वाचावा आणि करारात किंवा वादात आधार देताना राजपत्राचा क्रमांक द्यावा.

ब्रिटनच्या सरकारी कायदे-संकेतस्थळावर 'मूळ संमत झालेला' आणि 'अद्ययावत' असे दोन्ही मजकूर एकाच पानावरून उघडतात आणि कोणती दुरुस्ती अजून मिसळायची राहिली आहे याची सूचनाही वर दिसते. आपल्याकडे केंद्राचे व राज्यांचे अधिनियम 'इंडिया कोड'वर आहेत आणि नव्या अधिसूचना 'ई-गॅझेट'वर येतात. दोन्ही फुकट आहेत.

कोणती भाषा खरी?

युरोपीय संघाचे विनियम २४ भाषांत निघतात आणि चोवीसही मजकूर सारखेच अस्सल असतात. हाँगकाँगमध्ये इंग्रजी आणि चिनी दोन्ही अस्सल आहेत. तिथे आपण इंग्रजी मजकूर निर्धास्त वाचावा. संयुक्त अरब अमिरातीच्या संघीय कायद्यांचे इंग्रजी भाषांतर सरकारच देते, पण मतभेद झाला तर अरबी मजकूर प्रमाण. मुलाच्या नोकरीच्या कराराविषयी शंका असेल तर इंग्रजी भाषांतरातून विषय समजतो. निर्णय घ्यायच्या आधी ते कलम अरबी जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे लागते.

या बाबतीत मराठी वाचकाला एक माहिती उपयोगी पडेल. १९७३ च्या एका केंद्रीय अधिनियमानुसार, राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील अनुवाद त्या त्या भाषेतले प्राधिकृत पाठ मानले जातात. मराठीतला असा अनुवाद हाती आला तर तो नुसती मदत म्हणून नव्हे, कायदा म्हणून वाचता येतो.

निकालपत्रे फुकट कशी झाली?

कायद्याचे शब्द सर्वांचे, पण ते पोचवणारी पुस्तके महाग, अशी स्थिती फार वर्षे होती. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम ब्रूस आणि पीटर मार्टिन यांनी इंटरनेटवर फुकट कायदा देणारी संस्था सुरू केली. १९९५ मध्ये सिडनीच्या दोन विद्यापीठांनी 'ऑस्ट-एलआयआय' उभी केली. पुढे ब्रिटन, कॅनडा, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, पॅसिफिक बेटे अशी साखळीच तयार झाली आणि त्यांतल्या अनेक संग्रहांत एकत्र शोधण्यासाठी 'वर्ल्ड-एलआयआय' आली. २००२ मध्ये या संस्थांनी माँट्रियलला जाहीर केले की सार्वजनिक कायदेविषयक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे आणि ती विनामूल्य मिळाली पाहिजे.

भारतात २००८ मध्ये 'इंडियन कानून' सुरू झाले. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निकाल-संग्रह 'ई-एससीआर'वर मोफत खुले केले. निकालपत्र फुकट का देता येते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात दिले होते. न्यायाधीशांनी लिहिलेल्या मजकुरावर प्रकाशकाचा हक्क नाही. त्याने कौशल्याने तयार केलेल्या सारांश-टिपांवर मात्र आहे. त्यामुळे टिपा विकत मिळतात आणि निकाल सर्वांचा राहतो.

ठराविक विषयांसाठी जागतिक संग्रहही आहेत. कामगार कायद्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 'नॅटलेक्स', पेटंट आणि ट्रेडमार्कसाठी 'वायपो लेक्स'. एखाद्या देशाचे अधिकृत संकेतस्थळच माहीत नसेल, तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची देशवार कायदेसूची तिथपर्यंत नेऊन सोडते.

परदेशाचा निकाल आपल्या राजपत्रातून

कधी कधी परदेशी कायद्याची किल्ली आपल्याच राजपत्रात असते. दुबईच्या न्यायालयाने एखाद्या सुरतकराविरुद्ध पैशाचा हुकूमनामा दिला, तर पूर्वी त्याच्या आधारे भारतात नव्याने दावा लावावा लागे. १७ जानेवारी २०२० ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परस्पर प्रदेश म्हणून घोषित केले. तेव्हापासून अधिसूचनेत नमूद केलेल्या तिथल्या न्यायालयांचा असा हुकूमनामा थेट इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी आणता येतो. आखातात कर्ज घेऊन परत आलेल्या कोणत्याही कुटुंबाला हा एक कागद ठाऊक असायला हवा.

यंत्राचे उत्तर आणि कोर्टाचा पुरावा

आता अनेकजण कायद्याचा प्रश्न थेट चॅटबॉटला विचारतात. उत्तर सुबक भाषेत येते, कलमांचे आणि खटल्यांचे आकडेही त्यात असतात, पण ते खरे असतीलच असे नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यातल्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल त्यांनी न्यायालयात आधार म्हणून दिले होते. यंत्राकडून दिशा मिळू शकते. पण त्याने सांगितलेले प्रत्येक कलम आणि प्रत्येक निकाल सरकारी संग्रहात स्वतः उघडून पाहिल्याशिवाय धरून चालू नये.

शिवाय भारतीय न्यायालयात परदेशी कायदा हा सिद्ध करायचा मुद्दा असतो. न्यायाधीशाला तो ठाऊक असेल असे गृहीत धरले जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३२ सांगते की एखाद्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातला कायद्याचा मजकूर न्यायालय विचारात घेऊ शकते, आणि हे प्रकाशन इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल रूपात असले तरी चालते. १८७२ च्या जुन्या कायद्यात ही डिजिटल सोय शब्दांत नव्हती. परदेशी कायद्याच्या तज्ज्ञाचे मतही कलम ३९ खाली देता येते. अर्थात दुसऱ्याच्या ब्लॉगवरच्या उताऱ्यापेक्षा त्या देशाच्या सरकारी पानाचे वजन न्यायालयातही जास्त आहे.

थोडक्यात: परदेशी कायदा वाचण्याआधी

- कायदा कोणाचा? देशाचा, राज्याचा, शहराचा की युरोपीय संघासारख्या संघटनेचा?
- प्रकार कोणता? अधिनियम, नियम, मार्गदर्शक तत्त्वे की न्यायालयाचा निकाल?
- पान कोणाचे? सरकारचे, न्यायालयाचे, विद्यापीठाच्या मोफत संग्रहाचे की कुणा खासगी माणसाचे?
- तारीख कोणती? मूळ मजकूर, दुरुस्ती की एकत्रीकृत आवृत्ती? ती कोणत्या दिवसापर्यंतची?
- अस्सल भाषा कोणती? आपण मूळ वाचतो आहोत की भाषांतर?
- नोंद ठेवली का? कायद्याचे नाव, क्रमांक, कलम आणि पान पाहिल्याची तारीख लिहून ठेवा आणि पानाची पीडीएफ जपून ठेवा.

एवढे केल्याने कुणी वकील होत नाही आणि वकिलाची गरजही संपत नाही. पण नेमके कलम आणि त्याची तारीख हाती घेऊन वकिलाकडे गेलेला माणूस मुद्द्याचा प्रश्न विचारतो आणि मिळालेला सल्ला तपासूही शकतो. कायदा आपल्याला बांधतो, म्हणून तो वाचणे हा आपला हक्क आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'तिकडचा कायदा असा आहे' असे सांगितले, तर त्याला कलम आणि तारीख विचारा, आणि करारावर सही करण्याआधी ते पान स्वतः उघडून वाचा.